एआयने केलेलं संगीत गेम आणि ॲपला विकायचं, तर नेमकं काय विकायचं?

प्रश्न थोडक्यात असा: विचारणारे तासगावचे, सांगलीत इंजिनिअरिंग केलेले, पाच वर्षं हार्मोनिअम शिकलेले. एआय टूलवर महिन्याला दीडशे ट्रॅक सहज तयार होतात. एका गेम टीमने कुस्तीच्या मोबाईल गेमसाठी दहा ट्रॅक मागितले आहेत आणि ध्यानाच्या एका ॲपने तानपुऱ्यावरचं संगीत. सांगलीत बसून हा धंदा होईल का, हक्क कुणाचा राहतो, पैसे किती घ्यावेत, उरलेले ट्रॅक स्पॉटिफायवर टाकावेत का, आणि माईक कोणता घ्यावा?

धंदा होईल. पण तुम्ही ज्यावर भिस्त ठेवली आहे, त्या दीडशे ट्रॅकवर होणार नाही. दीडशे ट्रॅक तुमचा क्लायंटही काढू शकतो. टूल तेच, पॅकेज तेच, आणि प्रॉम्प्ट, म्हणजे टूलला द्यायची सूचना, लिहायला त्यालाही येतो. तरी तो तुमच्याकडे आला, म्हणजे त्याचं घोडं दुसरीकडे कुठेतरी अडलं आहे. ते कुठे अडलं हे आधी त्याला विचारा. मी चौदा वर्षं गेम आणि ॲपचं ऑडिओ करते आहे, त्यातली पहिली सहा पुण्यात आणि पुढची इथे सांगलीत, विश्रामबागेत. गेल्या दोन-तीन वर्षांत माझ्याकडे आलेल्या क्लायंटांचं अडणं दोनच ठिकाणी होतं. एक, टूलमधून काढलेलं संगीत नुसतं ऐकायला छान, पण गेममध्ये टाकलं की बिघडतं. दोन, पब्लिशर विचारतो, हे कुठून आणलं, आणि टीमला धड उत्तर देता येत नाही. या दोन्हींचा भार तुम्ही स्वतःच्या अंगावर घेतलात, तर त्याचे पैसे मिळतात.

बिघडतं म्हणजे काय, ते तुमच्या कुस्तीच्या गेमवरूनच सांगते.

एआय टूल गाणं तयार करतं. गाण्याला सुरुवात असते, चढ असतो, शेवट असतो. गेमला यातलं काहीच नको असतं. गेमला हवा असतो लूप, म्हणजे जिथे संपतो तिथूनच पुन्हा सुरू होतो आणि सांधा कानाला कळत नाही असा तुकडा. समजा ९० बीपीएम, म्हणजे मिनिटाला ९० मात्रा, आणि चार मात्रांचे १६ बार (आवर्तनं) धरले. ६४ मात्रा झाल्या, म्हणजे ४२.६७ सेकंद. ४४.१ किलोहर्ट्झला, म्हणजे सेकंदाला आवाजाच्या ४४,१०० नोंदी (सॅम्पल) धरल्या, तर हे बरोबर १८,८१,६०० सॅम्पल होतात, एकही कमी नाही की जास्त नाही. आता तुमच्या टूलचा ट्रॅक उघडून मोजा. प्रॉम्प्टमध्ये ९० लिहिलेलं असतं आणि प्रत्यक्षात ८९.७ निघतं, कधी मधेच थोडं हलतं. ८९.७ ला तेच १६ बार ४२.८१ सेकंदांचे होतात. फरक सेकंदाच्या सातव्या हिश्श्याएवढा. पण पैलवान दंड थोपटतो त्या ॲनिमेशनला ताल जुळवायचा असेल, तर एवढ्या फरकाने दुसऱ्याच फेरीला सगळं गळतं. म्हणून आधी ट्रॅक ग्रिडवर, म्हणजे मात्रांच्या समान रेघांवर, खेचून बसवायचा, मगच कापायचा.

दुसरी खोड शेपटीची. शेवटच्या बारमधला घुमारा पुढच्या फेरीच्या पहिल्या मात्रेवर सांडायला हवा. तुम्ही नेमक्या सॅम्पलवर कापलंत, तर तो घुमारा तुटतो आणि दर ४२ सेकंदांनी खोलीतले दिवे गेल्यासारखं वाटतं. यावर उपाय जुना आणि सोपा आहे: प्रोजेक्टमध्ये तोच तुकडा दोनदा लावा, दोन्ही एक्स्पोर्ट करा आणि दुसरी फेरी तेवढी ठेवा. तिच्या सुरुवातीला पहिल्या फेरीची शेपटी आपोआप आलेली असते.

तिसरी खोड फाइलची. एमपीथ्री लूपसाठी वापरूच नका. एन्कोडर सुरुवातीला आणि शेवटी थोडी शांतता घालतो आणि तुमचा नेटका सांधा तिथेच उचकतो. टीमला न दाबलेली वेव्ह फाइल द्या, युनिटी हे गेम बनवायचं सॉफ्टवेअर स्वतः ती दाबून तिचं व्हॉर्बिस करतं. त्यांना तयार दाबलेली फाइलच हवी असेल तर ओग द्या. आकाराची चिंता ते करणारच, तेव्हा हिशोब तोंडपाठ ठेवा: स्टिरिओ वेव्ह मिनिटाला साधारण १० एमबी, तेच १२८ केबीपीएसला दाबलं की मिनिटाला एक एमबीच्या आत.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, वीस मिनिटं खेळणाऱ्याला तो ४२ सेकंदांचा लूप अठ्ठावीस वेळा ऐकू येणार आहे. टूल तुम्हाला ठसठशीत, लगेच ओठांवर बसणारी चाल देतं. पहिल्या ऐकण्यात क्लायंट खूश होतो. अठ्ठाविसाव्या वेळी खेळणारा आवाज बंद करतो. खेळणाऱ्याने आवाज बंद केला की आपलं काम वाया गेलं, मग ते कितीही सुरेल असो. म्हणून मी चाल पातळ करते, गाणारा आवाज काढून टाकते आणि तीन थर करते: नुसती लय धरणारा ठेका, त्यावर मधला थर, आणि शेवटच्या तीस सेकंदांसाठी भरलेला थर. तिन्ही एकाच लांबीचे, एकाच क्षणी सुरू होणारे. कुस्ती रंगेल तसे डेव्हलपर थर वर करत जातात. टूलमधून स्टेम, म्हणजे एकेका वाद्याचे सुटे ट्रॅक, वेगळे काढता येतात हे खरं, पण त्यात शेजारच्या वाद्यांचा गाळ राहतो. सगळे एकत्र वाजले तर कळत नाही, एकटा वाजवला की पाण्यातून आल्यासारखा वाटतो. त्यामुळे माझ्याकडे एआयचा ट्रॅक बहुधा कच्चा आराखडा असतो. टीमला दाखवायला, 'असं काहीतरी हवंय ना?' असं विचारायला. त्याने पूर्वी आठवडा खाणारी बोलणी एका दुपारी संपतात, आणि एवढ्यासाठी मी ही टूल आनंदाने वापरते. होकार आला की थर नव्याने वाजवून घेते.

'वाजवून घेते' म्हटलं, ते कुस्तीसाठी तर अक्षरशः. 'महाराष्ट्रीय कुस्ती, हलगी' असा प्रॉम्प्ट देऊन बघा. मला ढोल-ताशा मिळाला, पंजाबी ढोल मिळाला, एकदा तर तबल्यावरची लग्गी मिळाली. हलगी मिळाली नाही. इंटरनेटवर हलगीची स्वच्छ, नाव लावलेली रेकॉर्डिंग फारशी नाहीत, तर यंत्र शिकणार कशावरून? आपल्याकडे गावोगावच्या जत्रेत कुस्तीच्या फडाला हलगी असते. तुम्ही तासगावचे, तुम्हाला हे मी सांगायची गरज नाही.

मी एका शैक्षणिक गेमसाठी हलगी रेकॉर्ड केली ती सकाळी सहाला, मळ्यातल्या एका रिकाम्या गोठ्यात. वाजवणारे काका आले, त्यांनी आधी पाचटाचा जाळ केला आणि हलगी त्यावर धरून फिरवली. बोटाने टिचकी मारून बघायची, पुन्हा शेक द्यायचा. कातडं ताणलं की आवाज डब्यासारखा बोदा असतो तो एकदम टणक होतो, आणि तो टणकपणा आठ-दहा मिनिटांत पुन्हा उतरायला लागतो. मी पहिल्या तासात हे ध्यानात घेतलं नाही. नंतर ऐकताना कळलं की पाचव्या टेकचा आणि दुसऱ्या टेकचा सूर जुळतच नाही. दुसऱ्या तासाला दर सहा मिनिटांनी थांबून शेक दिला, प्रत्येक टेकला वेळ लिहिली, तेव्हा कुठे एकमेकांना जोडता येतील असे ठोके मिळाले. एका हातात बारीक काडी, दुसऱ्यात आखूड टिपरू, दोघांचे ठोके वेगवेगळे, नुसते कडेचे वेगळे, मधले वेगळे. दोन तासांत माझ्याकडे असं भांडार तयार झालं जे कुठल्याच टूलकडे नाही. आणि एक लाभ नंतर लक्षात आला. फोनच्या स्पीकरवर साधारण २०० हर्ट्झच्या खालचं फारसं ऐकूच येत नाही, त्यामुळे मोठ्या ढोलाचा दणका तिथे नाहीसा होतो. हलगीचा कडाका वरच्या पट्टीतला, तो बसमध्ये, फोनच्या स्पीकरवरही कापत येतो. तुमच्या गेमला याहून चांगलं वाद्य नाही.

त्या काकांना मी दिवसाची बिदागी दिली आणि वेगळे पैसे देऊन कागदावर सही घेतली, की हे ठोके गेममध्ये वापरायला त्यांची परवानगी आहे, कुठल्या गेममध्ये, किती काळ, आणि त्यावर एआय मॉडेल शिकवायचं नाही. शेवटची ओळ मी मुद्दाम घालते. त्यांचा हात हे त्यांचं पोट आहे. मराठीत वाचून दाखवून सही घ्या. घाईत, मोबाईलवर अंगठा दाबून घेतलेली परवानगी मला परवानगी वाटत नाही.

आता ध्यानाच्या ॲपचं. इथे तुमची जागा माझ्याहूनही चांगली आहे, कारण मिरज हाताशी आहे. मिरजेत दीडशेहून जास्त वर्षं तंतुवाद्यं घडतात, तिथल्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. हे मी अभिमानासाठी सांगत नाही, कामासाठी सांगते आहे. ध्यानाच्या ॲपचं सगळं संगीत षड्जाच्या गुंजनावर उभं असतं, आणि एआयचं गुंजन ऐकून ऐकून आता वापरणारेही कंटाळले आहेत.

माझा एक अनुभव. एका ॲपसाठी रात्रीच्या सत्राचं संगीत दुरुस्त करायला आलं होतं. वर मालकंसाच्या वळणाची बासरी, खाली टूलने लावलेला पंचम-षड्जाचा तानपुरा. मालकंसात पंचम वर्ज्य. तिथे तानपुरा मध्यमावर लावतात, मारव्यात निषादावर. ॲपवाल्यांना ते कळलं नव्हतं, पण एका वापरणाऱ्या बाईंनी त्यांना लिहिलं होतं की हे ऐकताना मन शांत होण्याऐवजी खुपतं. त्या गाणं शिकलेल्या होत्या. असे कान आपल्याकडे घरोघरी आहेत, हे परदेशातल्या टूलला माहीत नसतं आणि अनेकदा आपल्याच डेव्हलपरलाही नसतं.

दुसरी गोष्ट सूक्ष्म आहे. चांगल्या जवारीच्या, म्हणजे तार घोडीवर नेमकी टेकून झणकारते अशा, तानपुऱ्यात खर्जाच्या तारेतून गंधार आपोआप उमटतो, त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. हा गंधार पेटीच्या शुद्ध गंधारापेक्षा १४ सेंटने खाली असतो (पेटीच्या लगतच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर म्हणजे शंभर सेंट). टूल काय करतं, तानपुऱ्यासारखा आवाज काढतं आणि त्यावर पियानोच्या पट्टीतले स्वर पसरतं. दोन गंधार एकमेकांवर घासतात, हवेत एक थरथर तयार होते. पाच मिनिटांच्या जाहिरातीत चालेल. चाळीस मिनिटांच्या सत्रात डोकं दुखतं. तुम्ही पाच वर्षं पेटीवर शिकलात, तुमच्या कानालाही पेटीच्या गंधाराची सवय आहे. तेव्हा मनापासून सुचवते: मिरजेत एखाद्या कारागिराकडे दोन-चार दुपारी जाऊन बसा. तो घोडी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी, घासतो, तारेखाली सुताचा दोरा सरकवतो, केसभर इकडे, केसभर तिकडे, आणि एका क्षणी तार बोलायला लागते. तो क्षण ऐकलात की टूलच्या आवाजात काय नाही हे तुम्हाला कुणी सांगावं लागणार नाही. मग तोच तानपुरा रीतसर पैसे देऊन रेकॉर्ड करा, काळी एक ते काळी पाच सगळ्या पट्ट्यांत, पंचमाचा, मध्यमाचा, निषादाचा. तुमच्या ॲपच्या कामाचा हा पाया. वरचे हलके थर, पावसाचा आवाज, एखादं पॅड, म्हणजे मागे लांबवलेला मऊ सूर, यासाठी एआय खुशाल वापरा.

हक्कांवर मी जास्त वेळ घेणार आहे, कारण या धंद्यात बुडणारे इथेच बुडतात.

भारतीय कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्यात १९९४ च्या दुरुस्तीने आलेलं कलम २(ड)(६) सांगतं की संगणकाने निर्माण केलेल्या कृतीचा लेखक म्हणजे ती कृती निर्माण व्हायला कारण ठरलेली व्यक्ती. वाचून बरं वाटतं. पण हे कलम आजच्या टूलच्या कितीतरी आधीचं आहे, सगळी इमारत त्यावर उभी करू नका. आणि तुमचा गेम अमेरिकेतही विकला जाणार आहे. तिथे मार्च २०२५ मध्ये अपील कोर्टाने थेलर खटल्यात, जिथे यंत्राला लेखक मानावं अशी मागणी होती, स्पष्ट केलं की कॉपीराइटला माणूस लेखक लागतो. त्याआधी जानेवारीत तिथल्या कॉपीराइट कार्यालयाने सांगितलं होतं की नुसत्या प्रॉम्प्टने हक्क मिळत नाही. माणसाने केलेली रचना, बदल, मांडणी, तेवढ्याला मिळू शकतो. याचा आपल्या भाषेत अर्थ: टूलमधून निघाला तसाच ट्रॅक दिलात, तर उद्या कुणी तो उचलला तरी तिथे तुमच्या क्लायंटचा हात रिकामा राहू शकतो. तुम्ही वाजवलेली हलगी, तुम्ही लिहिलेली चाल, तुम्ही रचलेले थर मात्र तुमचे.

यापुढे टूलचं लायसन्स. सुनो या एआय संगीताच्या टूलच्या फुकट पॅकेजवर केलेलं गाणं धंद्यासाठी वापरता येत नाही, आणि नंतर पैसे भरून पॅकेज घेतलं तरी आधीचं गाणं आपोआप मोकळं होत नाही. तुमच्या दीडशेमधले किती ट्रॅक पैसे भरण्याआधीचे आहेत? ते आजच वेगळे काढा. मेटाचं म्युझिकजेन हे मॉडेल आपल्या संगणकावर फुकट चालतं, म्हणून विद्यार्थी सर्रास वापरतात. पण ते ज्या लायसन्सवर दिलं आहे ते बिगर-व्यावसायिक आहे. शिकायला उत्तम, विकायच्या कामाला अजिबात नको.

टूलही पायाखाली हलतं आहे. जून २०२४ मध्ये युनिव्हर्सल, सोनी आणि वॉर्नर या तीन मोठ्या संगीत कंपन्यांनी सुनो आणि तसंच दुसरं टूल युडिओ यांच्यावर खटले भरले, की आमची रेकॉर्डिंग न विचारता शिकवायला वापरली. ऑक्टोबर २०२५ मध्ये युनिव्हर्सल आणि युडिओचा समझोता झाला आणि युडिओने डाउनलोड बंद केले. लोकांच्या आरड्याओरड्यानंतर जुन्या गाण्यांसाठी ४८ तासांची खिडकी उघडली, तेवढीच. पुढच्याच महिन्यात वॉर्नरने दोन्ही टूलशी समझोता केला. ज्यांनी सहा महिन्यांचं काम 'टूलच्या खात्यात आहेच की' म्हणून तिथेच ठेवलं होतं, त्यांची त्या दोन दिवसांत काय धावपळ झाली असेल याचा विचार करा. जे काढाल ते त्याच दिवशी आपल्या डिस्कवर उतरवा, आणि त्या तारखेच्या अटींचं पान पीडीएफ करून त्याच फोल्डरमध्ये ठेवा.

आवाजाची नक्कल कुणी मागितली तर नाही म्हणा. 'अमक्यांच्या आवाजासारखं करा' ही मागणी येतेच. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अरिजित सिंग यांच्या आवाजाच्या एआय नकलेला मनाई केली, आणि २०२५ मध्ये आशा भोसले यांच्या बाबतीतही तसाच दिलासा दिला. आशाताईंचा जन्म आपल्या सांगलीचा. निदान आपण तरी त्या वाटेला जाऊ नये.

दाव्यांचं म्हणाल, तर माझ्याच एका कामाला फटका बसला होता. लहान मुलांच्या एका पझल गेमचं संगीत मी केलं होतं, आराखडा एआयचा, वरची सगळी वाद्यं वाजवलेली. गेम बाहेर पडल्यावर तीन आठवड्यांनी, त्याचे व्हिडिओ करणाऱ्या मुलांना यूट्यूबवर हक्कदावे यायला लागले. कुणीतरी व्हिडिओतूनच संगीत उचलून स्वतःच्या नावाने वितरणात टाकलं होतं, आणि यंत्रणा आम्हालाच चोर समजत होती. टीम घाबरली, त्यांना वाटलं एआय वापरल्याने हे झालं. माझ्याकडे प्रोजेक्ट फाइल होती, प्रत्येक एक्स्पोर्टची तारीख होती, वाजवणाऱ्यांच्या सह्या होत्या, टूलच्या पैसे भरल्याची पावती होती. ते सगळं पाठवलं आणि बारा दिवसांत दावा उठला. त्यातला आराखडा मी तसाच दिला असता, तर 'हे माझं' म्हणायला माझ्याकडे काय होतं?

म्हणून प्रत्येक ट्रॅकबरोबर एक पान द्या. मी त्याला ट्रॅकचा सातबारा म्हणते, आणि क्लायंटना तो शब्द लगेच कळतो. त्यावर: कुठलं टूल, कुठलं पॅकेज, कुठल्या तारखेला, काय एआयचं, काय वाजवलेलं, कुणी वाजवलं, परवानगी कुठे ठेवली आहे. ही माहिती टीमला तशीही लागणार आहे. स्टीम या संगणकावरचे गेम विकणाऱ्या दुकानात जानेवारी २०२४ पासून गेममध्ये एआयने केलेलं काय आहे ते डेव्हलपरला जाहीर करावं लागतं, त्यात आधी करून ठेवलेलं संगीतही येतं. तुम्ही लपवलंत आणि त्यांनी चुकीचं लिहिलं, तर त्यांच्या गेमवर येईल आणि मग तुमच्यावर.

करारात एक वाक्य हमखास असतं: 'ही कृती पूर्णपणे मूळ असून तिच्यावर तिसऱ्या कुणाचाही हक्क नाही.' एआयचा अंश असेल तर यावर सही करू नका. टूल कशावर शिकलं हे तुम्हाला माहीत नाही, मग हमी कशाची देणार? त्याऐवजी लिहा की वाजवलेला भाग मूळ आहे, एआयचा भाग अमक्या पॅकेजच्या अटींनुसार आहे, आणि काही नुकसान झालं तर माझी जबाबदारी या कामाच्या मानधनाएवढीच. समोरचा वकील कुरकुर करतो, पण सातबारा सोबत असला की बहुतेक वेळा मान्य करतो.

पैशांबद्दल माझे आकडे सांगते, ते नियम म्हणून घेऊ नका. तीन थरांचा, गेममध्ये बसवून तपासलेला एक लूप मी ८ ते १२ हजारांना देते. नुसता एआयचा ट्रॅक कापून-जोडून हवा असेल तर दीड-दोन हजार, आणि त्याच्या सातबाऱ्यावर तसं लिहून. ट्रॅकवर दर लावण्यापेक्षा कामावर लावा. तुमच्या टीमने दहा ट्रॅक मागितले आहेत, पण कुस्तीच्या गेमला दहा लागत नाहीत. मेनूचा एक, लढतीचा एक तीन थरांत, जिंकल्याचा आणि हरल्याचा छोटा तुकडा, आणि हलगीचे सुटे ठोके, जे डावांना जोडता येतील. हे त्यांना समजावून सांगा. त्यांचा गेमही हलका होईल आणि तुमचा दरही नीट सांगता येईल. निम्मे पैसे आधी, उरलेले गेमच्या बिल्डमध्ये, म्हणजे चालू करून बघता येईल अशा आवृत्तीत, वाजवून दाखवल्यावर. बिल्ड फोनवर स्वतः ऐकल्याशिवाय काम संपलं म्हणू नका. माझी पातळी मोबाईलसाठी उणे १८ ते उणे १६ लफ्सच्या (आवाज कानाला किती मोठा वाटतो त्याचं माप) आसपास असते, तरी शेवटचा निकाल साध्या फोनवर, पंखा चालू असलेल्या खोलीत. जीएसटीचं, सेवांना वर्षाला २० लाखांपर्यंत नोंदणी लागत नाही, परदेशी क्लायंट आला की आधी सीएला विचारा.

स्पॉटिफायवर उरलेले ट्रॅक टाकायचा विचार सोडून द्या. स्पॉटिफायसारख्याच डीझर या सेवेवर जानेवारी २०२५ मध्ये रोज सुमारे १०,००० पूर्ण एआय ट्रॅक येत होते, नोव्हेंबरपर्यंत ५०,००० येऊ लागले. स्पॉटिफायने सप्टेंबरमध्ये सांगितलं की वर्षभरात साडेसात कोटींहून जास्त स्पॅम ट्रॅक काढून टाकले. त्या लोंढ्यात तुमचे शंभर ट्रॅक टाकून हाती काही लागणार नाही.

एक सांगायचं राहिलं. सगळं दोन ठिकाणी ठेवा, आणि त्यातलं एक ठिकाण नदीपासून लांब. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचं पाणी शहरात शिरलं तेव्हा माझी जुनी खोली तळमजल्यावर होती. दोन डिस्क गेल्या, त्यात चार वर्षांची रेकॉर्डिंग होती, एका गोंधळी कुटुंबाचं संबळही. ते वाजवणारे आजोबा आता नाहीत. तो ताल पुन्हा मिळणार नाही.

माईकचं. सुरुवातीला महागडा घेऊ नका. हलगीसारख्या कडक आवाजासाठी साधा डायनॅमिक माईक, दोन हात अंतरावर, थोडा कडेने धरलेला, पुरतो. कंडेन्सर, म्हणजे जास्त नाजूक कानाचा माईक, अगदी जवळ लावलात तर आवाज फाटेल. तानपुऱ्याला मात्र लहान डायफ्रॅमचा (आतल्या पडद्याचा) कंडेन्सर हवा, घोडीच्या समोर नाही तर भोपळ्याच्या आणि घोडीच्या मधे, दीड हातावर. घोडीला टेकवलात तर नुसता तारेचा झंकार येतो, घुमारा हरवतो. माईक संगणकाला जोडायला दोन वाहिन्यांचा इंटरफेस घ्या, आणि उरलेल्या पैशांत खोलीच्या भिंतींना गोधड्या लावा. पंखा, फ्रिज, मोटार बंद. मिरजेत रेकॉर्ड करणार असाल तर भर बाजाराच्या वेळी जाऊ नका. कारागिराला आधी विचारा त्यांची गल्ली कधी शांत असते, आणि ते सांगतील त्या वेळेच्या अर्धा तास आधी जाऊन नुसतं ऐकत बसा. पहिलं रेकॉर्डिंग झालं की मला ऐकवा, मध्यमावर लावलेला तानपुरा आधी.